साक्षीदार की वाचक? : तांड्यावरील विद्यार्थिनीचा कविता-नाटकांना प्रतिसाद

पदव्युत्तर मराठीच्या विद्यार्थ्याला नेमलेल्या कवितेचे रसग्रहण लिहावयास सांगितले, की तो एक ठरलेली वाट धरतो. आधी कवीचा काळ, मग आशय, त्यानंतर प्रतिमा, भाषाविशेष आणि अखेरीस कवितेचे महत्त्व. या उत्तरात प्रथमपुरुषी सर्वनाम बहुधा एकदाही येत नाही. बाजारातील गाईडांनी ही वाट इतकी रुळवून ठेवली आहे, की उत्तर वाचून ते कोणी लिहिले असेल याचा अंदाजही करता येऊ नये. कविता वाचताना त्या विद्यार्थ्याचे कोठे अडले होते काय, काही खटकले होते काय, याचा मागमूस उत्तरपत्रिकेत उरत नाही. याच विद्यार्थ्याला वर्गात अधूनमधून विचारले जाते, 'पण तुला स्वतःला काय वाटले?' आणि तो गप्प बसतो. या गप्प बसण्यामागे काय आहे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

चर्चेच्या सोयीसाठी येथे एक वाचक गृहीत धरला आहे. वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवीच्या परिसरात, तांड्यावर वाढलेली, घरी गोरबोली बोलणारी आणि मराठी विषय घेऊन एम. ए. करणारी विद्यार्थिनी. ही कोणी एक व्यक्ती नव्हे आणि कोणत्याही सर्वेक्षणातून ती हाती आलेली नाही. तिच्या नावे पुढे मांडलेले प्रतिसाद हे त्या परिसराच्या भाषेतून आणि जीवनरीतीतून संभवणारे प्रतिसाद आहेत. ते ग्राह्य की अग्राह्य हे ठरविण्याचे साधन संहिता हेच राहील.

पोहरादेवीचीच निवड करण्यास कारण आहे. संत सेवालाल महाराजांच्या समाधीमुळे आणि जगदंबेच्या मंदिरामुळे हे गाव देशभरच्या बंजारा समाजाचे श्रद्धास्थान झाले आहे. रामनवमीच्या यात्रेला येथे अनेक राज्यांतून माणसे येतात. या परिसरात शब्द प्रथम भेटतो तो कानाला, आणि समूहात. नंगाऱ्यावर गायिली जाणारी भजने, होळीतल्या लेंगी, सासरी निघालेल्या नवरीचा ढावलो ही सर्व ऐकण्याची आणि ऐकताना सामील होण्याची काव्ये आहेत. ढावलो म्हणणाऱ्या मुलीच्या गळ्यात गळा घालून रडणाऱ्या बाईला 'तुमचा प्रतिसाद काय' असे कोणी विचारीत नाही, कारण तिचे रडणे त्या गीताचाच भाग असते. अशा श्रोत्यांतून आलेली मुलगी जेव्हा बाकावर बसून, एकटीने, डोळ्यांनी कविता वाचू लागते, तेव्हा प्रतिसाद या गोष्टीचेच स्वरूप तिच्यापुरते बदलून गेलेले असते.

यात भाषेची गाठ आणखी वेगळी आहे. बंजारा समाज स्वतःला 'गोर' म्हणतो आणि बाहेरच्या माणसाला 'कोर'. त्या अर्थाने अभ्यासक्रमातील मराठी ही कोरांची भाषा होय. गोरबोलीला स्वतःची लिपी नाही, महाराष्ट्रात ती देवनागरीत लिहिली जाते. जनगणनेच्या तक्त्यांत 'लमाणी/लंबाडी' ही हिंदीच्या पोटात मोजली जाते. २०११ च्या गणनेत तिच्या भाषकांची संख्या बत्तीस लाखांहून अधिक भरली. म्हणजे घरची भाषा एक, गणतीची दुसरी आणि परीक्षेची तिसरी. अशा विद्यार्थिनीने 'भाषाविशेष' या मथळ्याखाली दोन परिच्छेद लिहावेत ही आपली अपेक्षा असते, आणि आश्चर्य असे की ती ते बिनचूक लिहून दाखविते.

वैयक्तिक प्रतिसादाविषयीची साशंकता आपल्या परंपरेत जुनी आहे. अभिनवगुप्ताने 'अभिनवभारती'त सात रसविघ्ने सांगितली. नाट्यातील सुखदुःखे ही माझी आहेत किंवा त्या दुसऱ्याचीच आहेत, अमुक देशातली व अमुक काळातली आहेत, अशा समजुतीत अडकून पडणे हे त्यांतील एक. आणि प्रेक्षकाने स्वतःच्या सुखदुःखाच्या आहारी जाणे हे दुसरे. साधारणीकरण व्हावयाचे तर हा 'मी' गळून पडला पाहिजे. आपल्या रसग्रहणाच्या उत्तरांतून 'मी' हद्दपार झाला त्यामागे, परीक्षकांना ठाऊक असो वा नसो, हा विचार उभा आहे. परंतु अभिनवगुप्ताने या विघ्नांवर जे उपाय सांगितले ते पाहण्यासारखे आहेत. पूर्वरंग, वेशभूषा, गीत, वाद्य, सजविलेली रंगभूमी अशा प्रयोगाच्या सामग्रीतून विघ्न दूर व्हावे, असे तो म्हणतो. त्याने प्रेक्षकाला गप्प बसण्याची आज्ञा केलेली नाही. सहृदयाचे मन आरशासारखे निर्मळ असावे खरे, पण ती निर्मळताही काव्याच्या परिशीलनाने व सरावाने येते, जन्माने नव्हे. आपण मात्र सरावाचा भाग वगळला आणि आरसा तेवढा मागितला.

पाश्चात्त्य समीक्षेत या प्रश्नाची प्रत्यक्ष पाहणी केली ती आय. ए. रिचर्ड्स यांनी. केंब्रिजच्या विद्यार्थ्यांना त्यांनी कवीचे नाव न सांगता कविता वाचावयास दिल्या, त्यांचे लेखी अभिप्राय गोळा केले आणि त्यांची चिकित्सा 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' या १९२९ च्या ग्रंथात केली. उत्तम शाळांतून आलेले, इंग्रजी ही मातृभाषा असलेले हे विद्यार्थी कवितेचा साधा वाच्यार्थदेखील चुकवीत होते, हा त्या ग्रंथातील सर्वांत बोचरा भाग. स्वतःच्या आठवणींमुळे कवितेबाहेर भरकटणे आणि साचेबंद प्रतिक्रिया देणे ही रिचर्ड्स यांनी नोंदविलेल्या दोषांपैकी दोन. मराठीत या ग्रंथाचा उल्लेख होतो तो या दोषांच्या यादीसाठी. त्याने एक गोष्ट करून दाखविली तिकडे दुर्लक्ष होते : विद्यार्थ्याचे चुकलेले वाचनही त्याने जपून ठेवले, छापले आणि त्यावर विचार केला. पुढे लुईस रोझेनब्लॅट यांनी 'लिटरेचर ॲज एक्स्प्लोरेशन' (१९३८) मध्ये वाचकाचा अनुभव आणि संहिता यांच्या देवघेवीतूनच कविता घडते असे प्रतिपादन केले. या मताचा आपल्याकडे सोयीचा अर्थ असा लावला जातो, की प्रत्येकाचे वाचन सारखेच ग्राह्य. रोझेनब्लॅट तसे म्हणत नाहीत. संहितेला न पेलणारा अर्थ त्या नाकारतात.

आता कविता. कुसुमाग्रजांची 'कणा' ही कविता शाळेपासून सर्वांच्या परिचयाची आहे. पुरात घर गेलेला एक माजी विद्यार्थी आपल्या सरांकडे येतो, घडलेले हसून सांगतो, सरांचा हात खिशाकडे जाताच उठतो आणि पैशांऐवजी पाठीवर हात मागतो. या कवितेवरचा साचेबंद प्रतिसाद म्हणजे स्वाभिमान, जिद्द आणि गुरुशिष्यांचे नाते. आपली विद्यार्थिनीही परीक्षेत हेच लिहील. पण तिला वाचताना अडते ते दुसरीकडेच. कवितेत पुराला माहेरी आलेल्या लेकीचे रूप दिले आहे. चार भिंतींत नाचून ती परत गेली, असा तो भाव आहे. ढावलो ऐकत वाढलेल्या मुलीला माहेर या शब्दाने जे आठवते ते निरोपाचे, तुटण्याचे आठवते. माहेराहून लेक जाते तेव्हा घर रडते. येथे मात्र लेक येऊन घर मोडून जाते आणि सांगणारा हसतो आहे. हे तिला खटकते. ही खटक आठवणीतून आलेली आहे हे निःसंशय. रिचर्ड्स यांच्या यादीत ती बसेल. पण तिचे बोट धरून कवितेकडे परत गेले, तर दिसते की हा निवेदक आपल्या नाशाची हकीकत पाहुणचाराच्या भाषेत सांगतो आहे. सरांवर आपल्या दुःखाचा भार पडू नये म्हणून त्याने हे सौजन्याचे रूपक पांघरले आहे, आणि त्यामुळेच सरांचा हात खिशाकडे जाण्याचा क्षण इतका अवघड होतो : रूपकाआडचे त्यांना दिसले आहे, आणि दिसल्याचे त्याला कळले आहे. 'जिद्द' या शब्दाने ही गुंतागुंत हाती लागत नाही.

याच कवितेत तिचे दुसरे अडणे निष्फळ ठरते, तेही नोंदविले पाहिजे. निवेदक पत्नीचा उल्लेख 'कारभारीण' असा करतो. तांड्याच्या व्यवस्थेत नायकाच्या जोडीला कारभारी असतो. ते अधिकाराचे पद आहे. त्या सवयीने वाचता पत्नीला येथे काही मान, काही सत्ता दिली आहे असे वाटू शकेल. संहिता या वाटण्याला आधार देत नाही. ग्रामीण मराठीतील हा रूढ, जिव्हाळ्याचा शब्द आहे आणि कवितेत ती स्त्री स्वतः काहीच बोलत नाही. शिक्षकाने हे स्पष्टपणे सांगावे. 'तुझा अनुभव म्हणून हेही बरोबर' असे म्हणणे ही उदारता दिसते, प्रत्यक्षात ती विद्यार्थिनीला वाचक म्हणून न मोजण्याची रीत आहे.

नाटकाकडे वळताना प्रथम महेश एलकुंचवारांचे 'वाडा चिरेबंदी' घेणे इष्ट. १९८५ साली विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली ते रंगभूमीवर आले. एलकुंचवारांचा जन्म यवतमाळ जिल्ह्यातील पारव्याचा, आणि नाटकातील धरणगावचा देशपांड्यांचा वाडा वऱ्हाडातला. भूगोलाच्या हिशेबाने तो वाडा पोहरादेवीच्या शेजारचाच. पण तांडा गावाबाहेर असतो, आणि तांड्यावरचे माणूस वाड्यात जाते ते कामाला, ओसरीपर्यंत. रंगमंचावर वावरणारी माणसे मात्र सारी घरची आहेत. ज्यांच्या श्रमावर त्या घराची शेती चालली ती माणसे नाटकात कोठे आहेत, असा प्रश्न आपल्या विद्यार्थिनीला पडणे स्वाभाविक होय. त्याचे उत्तर नाटकावरील आरोप म्हणून देता येते, पण तेवढ्यावर थांबणे म्हणजे नाटक सोडून देणे. गावाशी नाते तुटलेले हे कुटुंब आहे. अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर हा त्याचा दृश्य पुरावा. वाड्याबाहेरचे माणूस रंगमंचावर न येणे हाही त्या तुटलेपणाचाच भाग ठरतो.

तिला या नाटकात खरा प्रवेश मिळतो तो दागिन्यांच्या प्रसंगातून. तात्याजींचे तेरावे कसे पार पाडायचे या विवंचनेत घराण्याचे सोने मध्यवर्ती होते. एका रात्री वहिनी ते सारे दागिने अंगावर घालते. पुढे तेच दागिने घेऊन रंजू घर सोडते. यावरील रूढ विवेचन सोन्याला सरंजामी प्रतिष्ठेचे प्रतीक म्हणते आणि पुढे सरकते. लदेणीवर, म्हणजे लादलेल्या बैलांच्या तांड्याबरोबर, पिढ्यान्पिढ्या फिरणाऱ्या समाजात दागिन्याची रीत निराळी होती. चार भिंती आणि तिजोरी नसलेल्या स्त्रीचे चांदीचे दागिने तिच्या अंगावरच असत, रोजच्या कामात, उन्हातान्हात. जुन्या बायांच्या घुगरी-टोपलीची आठवण असलेल्या मुलीला वहिनीची ती रात्र म्हणूनच विलक्षण वाटते : इतके सोने असून ते बाईच्या अंगावर चढावयाला मध्यरात्र आणि बंद दार लागते. या एका निरीक्षणाने प्रसंगाचा सबंध उलगडा होतो. वाड्यात दागिना घराचा असतो, बाईचा नसतो. वहिनीच्या त्या क्षणाची कोवळीक आणि रंजूच्या पळण्यातील धिटाई यांना जोडणारा धागा येथे सापडतो. एकीने घराचे सोने तासाभरापुरते आपल्या देहाचे केले, दुसरीने ते कायमचे उचलले. वाड्यात वाढलेल्या वाचकाला हे दिसण्यास कदाचित अधिक वेळ लागेल, कारण त्याला कुलुपातला दागिना ओळखीचा असतो.

विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' या नाटकाचे प्रकरण याहून खोल जाते. १९६७ साली 'रंगायन'ने अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली ते सादर केले. लीला बेणारेची भूमिका सुलभा देशपांडे यांनी केली. एका खेडेगावातील सभागृहात शहरातून आलेली हौशी नटमंडळी वेळ घालविण्यासाठी खोटा खटला उभा करतात, आणि भ्रूणहत्येच्या लटक्या आरोपातून बेणारेच्या खऱ्या आयुष्याची चिरफाड होते. नाटकाचे विवेचन करताना न्यायसंस्थेचे विडंबन, खेळ आणि वास्तव यांची सरमिसळ, मध्यमवर्गीय दांभिकता हे मुद्दे येतात आणि ते योग्यच आहेत.

तांड्यातील वाद नायक आणि जाणती माणसे यांच्यासमोर मिटविण्याच्या बैठकीला 'नसाब' म्हणतात. नसाब ज्या घरात रोजच्या बोलण्यातला शब्द आहे, त्या घरातील मुलीला हे नाटक न्यायालयाचे वाटतच नाही. शपथ, कलम, पिंजरा ही तिला वरवरची झूल दिसते. आत बसली आहे ती पंचायत, जेथे सर्वजण आरोपीला आधीपासून ओळखतात, न्याय देणारा तिच्याविषयी काही ऐकून असतो आणि निकाल कायद्यातून न येता आपसातल्या बोलण्यातून येतो. हा केवळ अनुभवाचा आरोप आहे काय? संहिता पाहावी. काशीकर हे न्यायाधीश आहेत, आणि एका टप्प्यावर ते न्यायासन सोडून स्वतःच साक्षीदार होतात. कोर्टाच्या तर्काने ही हास्यास्पद गोष्ट, आणि रूढ वाचन तिला विडंबन म्हणून बाजूला ठेवते. पंचायतीच्या तर्काने ती अगदी साहजिक आहे : पंचाला जे ठाऊक असते ते तो सांगतोच. तेंडुलकरांनी शहरी, शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडी कायद्याची भाषा दिली, पण त्यांच्या वागण्याची घडण जातपंचायतीची ठेवली, हा अर्थ या वाचनातून स्पष्ट होतो. तो संहितेला पेलतो, किंबहुना काशीकरांच्या साक्षीचे याहून चांगले स्पष्टीकरण देणे कठीण आहे.

पण हेच वाचन बेणारेच्या अखेरच्या दीर्घ स्वगतापाशी अडते. बैठकीत आरोपी बोलतो तेव्हा समोरचे ऐकतात; पटो न पटो, तेथे ऐकणारे कान असतात. येथे बेणारे बोलत असता सभोवतालची माणसे गोठलेली आहेत. तिचे बोलणे कोणापर्यंतही पोहोचत नाही, फक्त प्रेक्षकापर्यंत पोहोचते. पंचायतीची चौकट येथे पुरी पडत नाही आणि विद्यार्थिनीला ती खाली ठेवावी लागते. स्वतःच्या अनुभवाने उघडलेले दार पुढे त्याच अनुभवाला थांबविते, हा वाचनातील मोलाचा क्षण होय. रसग्रहणाच्या कोणत्याही ठरीव आराखड्यात त्याला जागा नाही.

या नाटकात आणखी एक माणूस आहे, ज्याच्याकडे समीक्षेने पुरेसे पाहिले नाही. सामंत. तो त्या गावचा. शहरातून आलेल्या मंडळींना त्याचा भाबडेपणा गमतीचा वाटतो आणि ते त्याला खेळात ओढतात, साक्षीदार करतात. साक्ष काय द्यावी हे त्याला कळत नाही. तेव्हा हातातल्या कादंबरीच्या आधाराने तो काहीतरी सांगत सुटतो. ते कल्पित आहे हे त्याला ठाऊक आहे आणि ऐकणाऱ्यांनाही. तरीही त्याच्या बोलण्यातून बेणारेच्या खऱ्या आयुष्याला स्पर्श होतो आणि मंडळी त्यावर तुटून पडतात. सामंत हा त्या नाटकातला एकमेव वाचक आहे. पुस्तक त्याच्या हातात आहे, पण त्याने काय वाचले, त्याला ते कसे वाटले, हे कोणी विचारीत नाही. त्याचे वाचन केवळ पुरावा म्हणून घेतले जाते.

तांड्यावरच्या विद्यार्थिनीला वर्गात बोलते करण्याचे जे प्रयत्न अलीकडे होतात, त्यांतील बऱ्याचशांची जात हीच आहे. 'तुमच्या तांड्यात कसे असते ते सांगा' असे प्राध्यापक सद्भावनेने म्हणतात. विद्यार्थिनी नसाबविषयी चार वाक्ये सांगते, सर्वजण कौतुकाने ऐकतात, आणि चर्चा पुन्हा बेणारेकडे वळते, ती जणू त्या चार वाक्यांचा काशीकरांशी काही संबंध नसल्याप्रमाणे. तिच्याकडून माहिती घेतली गेली, वाचन घेतले गेले नाही. आधीच्या पद्धतीत 'मी' वगळलेला होता, या पद्धतीत 'मी' तेवढा उरतो आणि संहिता नाहीशी होते. दोहोंमध्ये तिने नाटक वाचले ही गोष्ट बिनमहत्त्वाची ठरते. पोहरादेवीला २०२४ साली बंजारा विरासतीचे संग्रहालय उघडले, ते आवश्यकच होते. वारसा दालनात मांडता येतो; वाचणारी मुलगी मात्र त्या दालनातील वस्तू नव्हे, एवढे भान वर्गात राहिले पाहिजे.

याची कसोटी सर्वांत कठीण होते ती आत्माराम राठोड यांच्या 'तांडा' सारखे आत्मकथन नेमले जाते तेव्हा. येथे विद्यार्थिनीने ओळख पटल्याचे सांगावे अशी सर्वांची अपेक्षा असते. समजा तिला ती पटली नाही. समजा तिला निवेदकाच्या बोलण्यात पुरुषाचे, आधीच्या पिढीचे, शिकून बाहेर पडलेल्या माणसाचे अंतर जाणवले. किंवा गोरबोलीतले शब्द मराठी वाक्यात आले की ते कोरांना समजावे म्हणून आले आहेत असे वाटले. हा प्रतिसाद ती लिहील काय? लिहिला तर परीक्षक तो साहित्यविषयक मत म्हणून तपासतील, की आपल्या समाजाशी झालेली बेइमानी म्हणून तिच्या सोबतचेच तो वाचतील? तिला साक्षीदार मानणाऱ्या वर्गात हे उत्तर लिहिताच येत नाही, कारण साक्षीदाराने आपल्या बाजूने बोलावयाचे असते.

व्यवहारात यासाठी फार मोठ्या सुधारणेची गरज नाही. नेमलेली कविता किंवा नाटकाचा प्रवेश व्याख्यानापूर्वी वाचून विद्यार्थ्याने एक पान लिहावे : कोठे अडले आणि का. हे पान गुणांसाठी नसावे. ज्याला हवे त्याने ते गोरबोलीत, देवनागरीत लिहावे. ज्या वाक्यापाशी अडले ते वाक्य मात्र संहितेतून उतरवून काढावे, ही एकच सक्ती. मग व्याख्यान व्हावे, आणि त्यानंतर त्याच पानाच्या मागे दुसरी नोंद : अडलेले सुटले काय, की संहितेने आपले वाटणे नाकारले. 'कारभारीण' आणि माहेरची उपमा ही दोन्ही अडणी एकाच पानावर येतील, आणि त्यांतले एक टिकले व एक गळून पडले हे विद्यार्थिनीला स्वतःच्या अक्षरात दिसेल. उत्तरपत्रिकेत 'काशीकर साक्षीदार होतात, कारण येथे कोर्ट नसून पंच बसले आहेत' असे वाक्य आढळल्यास परीक्षकाने त्याखाली लाल रेघ ओढण्यापूर्वी नाटकाचे ते पान काढून पाहावे.